घरी जेवल्याबिगर

साल १९८७. मी अठरा वर्षांचा होतो आणि माझा उजवा पाय दोन वर्षांचा. दोन वर्षांचा असताना ताप आला, ताप उतरला, पाय तिथेच थांबला आणि बाकीचा मी वाढत गेलो. उजवा हात गुडघ्यावर दाबून, कमरेत वाकून मी चालायचो. गाव मला लंगड्या देवा म्हणायचं आणि मला त्याचा राग नव्हता. आमच्याकडे बहिरा नामा होता, चकणा सुका होता, आणि एक चांगला धडधाकट माणूस होता त्याला सगळे उंदऱ्या म्हणायचे. राग यायचा तो 'बिचारा' म्हणणाऱ्यांचा. लंगड्या म्हणणारा निदान माझ्याकडे बघून बोलतो. बिचारा म्हणणारा माझ्या मायकडे बघून बोलतो, मी तिथे नसल्यासारखा.

शाळा तिसरीपर्यंत. माय मला कडेवर घेऊन जायची. पुढे मी जड झालो, तेव्हा गुरुजी मायला म्हणाले, "कशाला जीव दमवता बाई? याला काय कलेक्टर व्हायचंय?" कलेक्टर व्हायचं नव्हतं हे खरं, पण ते मी ठरवायचं होतं, गुरुजींनी नाही. म्हणून हे सगळं मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय. शुद्धलेखन तिचं, म्हणणं माझं. तिला बजावलंय की वाक्यं गोड करायची नाहीत. माझा डोळा लागला की ती करते, मग मी पुन्हा खोडायला लावतो.

आमचं गाव सावद्याच्या अलीकडे, गावाभोवती सगळीकडे केळी. घर साधंच, पुढे ओटा, आणि त्या ओट्यावर माझा सगळा दिवस. माय आत भाकरी थापायची, तिच्या बांगड्यांचा आणि भाकरीचा एक ठेका होता, तो थांबला की समजायचं पीठ संपलं किंवा कोणी आलं. पण माझा कान असायचा शिवाराकडे. लाइट आली की विहिरींवरच्या मोटारी एकेक करून सुरू व्हायच्या आणि मला बसल्या जागी कळायचं कोणती कोणाची. पाटलाची घुमायची, नामाची खोकायची, आमची सुरुवातीला कुरकुरायची आणि मग गप कामाला लागायची, माझ्या बापासारखी. बापाला आम्ही आबा म्हणायचो. आबा बोलायचा कमी. बोलला की ते शेवटचं.

एका उन्हाळ्यात आमची मोटार जळली. उन्हाळ्यात मोटार जळणं म्हणजे काय ते केळीवाल्यालाच विचारा. पाणी चुकलं की बाग मान टाकते, आणि टाकलेली मान पुन्हा उचलत नाही. आबानं मोटार बैलगाडीत घातली, वर मला घातलं, आणि आम्ही सावद्याला मिस्तरीकडे गेलो. मिस्तरी एका गोणपाटावर मांडी घालून बसलेला. त्यानं जळकी तार छिन्नीनं तोडून ओढून काढली, खाचा पुसल्या, खाचांत कागद घातला आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे एकेक करून आत बसवू लागला. आमच्याकडे याला मोटार भरणं म्हणतात. वर बांबूच्या फाचरी ठोकल्या, वॉर्निश ओतलं. तो वास मला अजून अत्तरासारखा वाटतो. मी संध्याकाळपर्यंत बघत राहिलो आणि एकच गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली, की हा माणूस दिवसभरात एकदाही उठला नाही. या कामाला हात लागतात, डोळे लागतात, पाय लागतच नाहीत.

मी त्याला तिथेच विचारलं, "मले शिकवता का?"

मिस्तरीनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि आबाला म्हणाला, "मले इथं दुकान चालवायचं हाये भो, दवाखाना नाई."

परत येताना आबानं बैलांना उगाच एक चाबूक जास्त मारला.

मग धुळ्याची संस्था आली. नाव सांगत नाही, ती आता नाही आणि तिची माणसंही बरीचशी नाहीत. तिचे सेक्रेटरी म्हणजे नानासाहेब, सगळे नानाच म्हणायचे. पांढरं धोतर, काळी टोपी, खिशाला दोन पेनं. धुळ्यात देवपुरात त्यांनी एक वसतिगृह चालवलं होतं आणि त्याला लागून वर्कशॉप. तिथं अपंग पोरांना मोटारी भरायला, रेडिओ दुरुस्त करायला शिकवायचे. आंधळ्या-बहिऱ्या पोरांना शाळेत घालायचे, आणि ज्या बायामाणसांना काही धंदा टाकायचाय त्यांना सामान द्यायचे. या सगळ्याला आधार होता परदेशातल्या एका छोट्या मंडळाचा. आम्हाला वाटायचं तिकडे मोठमोठे शेठ असतील. मला फार पुढे कळलं की ती एका लहान गावातली म्हातारी माणसं होती. कोणी केक भाजून विकायचं, कोणी स्वेटर विणून, कोणी जुनी पुस्तकं टेबलावर मांडून. त्यांच्यात शेठ एकही नव्हता. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण नाना ते सांगायचे नाहीत. देणारा लांबचा आणि मोठा दिसला की मधला माणूसही मोठा दिसतो.

नाना आमच्या ओट्यावर आले, माझ्या पायाचं माप घ्यायला माणूस घेऊन. म्हणाले, "मुलाला पायाला बांधायचा कॅलिपर देऊ, तार भरायचं हातमशीन आणि हत्यारांची पेटी देऊ, आणि देवपूरच्या वर्कशॉपात जागा देऊ. तिकडच्या बाई स्वतः येणार आहेत, त्यांच्या हस्ते कार्यक्रम करू."

वर्कशॉपात जागा! माझे कान गरम झाले. पण आबानं विचारलं, "आन् आमी काय द्यायचं?"

"तुम्ही काय द्यायचं? काही नाही. फुकट आहे."

आबाला हा शब्द आवडला नाही. आबाचा एक नियम होता, त्याच्या बापाचा होता, आणि आमच्या शिवारात तो बऱ्याच घरांत होता. ज्याचं घ्यायचं त्याला आपल्या घरी जेवू घालायचं. बैल उसना आणला तरी बैलाच्या मालकाला भाकरी. "देनारा आपल्या घरी जेवला तर तो पाव्हना," आबा म्हणाला, "आन् नाई जेवला तर आपन भिकारी. बाईले घरी आना. भरीत करू."

नाना हसले. "बघू, बघू," म्हणाले. मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मायला तर नव्हतंच.

कार्यक्रमाच्या दिवशी मायनं सकाळपासूनच घाई लावली. हिवाळा होता, वांग्यांचा हंगाम. हिरवी, पांढरट, हाताएवढी वांगी तिनं आदल्या दिवशीच निवडून ठेवलेली. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला, त्यात वांगी टाकली. साल काळी पडून फुटायला लागली की आमच्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नाही आज कोणाकडे काय आहे. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि भाजलेली वांगी घालून ठेचणं. तो धप्प धप्प आवाज मी निघालो तेव्हा चालू होता. "लवकर आनजो रे बाईले," माय आतून ओरडली, "भरीत थंडं झालं त मजा नाई."

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात. मांडव, स्टेज, माइक, हार. मांडवात पुढे खुर्च्या होत्या, त्यांवर सरपंच, गुरुजी, सोसायटीचे चेअरमन, सगळे दोन्ही पायांनी चालत आलेले. आणि आम्ही, ज्यांना खाली बसायला आणि खालून उठायला त्रास, त्यांच्यासाठी सतरंजी. हे कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणी वाटलं नव्हतं, ते बसताना वाटलं. एका पोरानं माझ्या सदऱ्याला टाचणीनं कागद लावला. मी अक्षर लावून लावून वाचलं, 'लाभार्थी'. शेजारी आमच्याच गावातली कौतिकबाई बसली होती, तिचा एक हात कडबा कापायच्या यंत्रात गेलेला. तिला केळीचे वेफर तळायला कढई आणि शेगडी मिळायची होती. मी तिला विचारलं, "काकू, लाभार्थी म्हंजे काय व?"

"आपलं काइतरी जातीचं असंल," ती म्हणाली.

नाना आमच्यापुढे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात शिकवू लागले. "नाव पुकारलं की पुढे यायचं. बाईंना वाकून नमस्कार करायचा. वस्तू घ्यायची, फोटो होईपर्यंत थांबायचं, खाली उतरायचं. बोलायचं काही नाही."

मी विचारलं, "नाना, बाई जेवायले कदी येनार? माय वाट पाहू ऱ्हायली."

"अरे वेड्या, त्या आपलं खात नाहीत. बाटलीतलं पाणी पितात. इथून सरळ शिरपूर, तिथं दुसरा कार्यक्रम आहे."

"तुमी बघू म्हनले होते."

"बघितलं. नाही जमत."

आज कोणी मला म्हणतं, आजोबा, एवढंसं कारण. जेवली नसती बाई तर काय बिघडलं असतं? कॅलिपर कॅलिपरच राहिला असता. मी त्यांना सांगतो, तुमच्या मायनं भल्या सकाळी धुरात डोळे लाल करून ठेचलेलं भरीत कोणी न बघता नाकारलं नसेल, म्हणून तुम्हाला ते एवढंसं वाटतं.

माझं नाव पुकारलं. दोन पोरं मला उचलायला धावली, मी त्यांना हातानंच मागे सारलं. गुडघ्यावर हात दाबत मी आपला आपण स्टेजवर गेलो. बाईंचं नाव हेलन. पांढरे केस, गुडघ्याखालपर्यंत झगा, पायात पुरुषी बूट, उन्हानं नाक सोललेलं. त्यांच्या बाजूला पुण्याहून आणलेली एक मुलगी, बाईंचं मराठी करायला आणि आमचं इंग्रजी. टेबलावर माझा कॅलिपर, चामड्याचे पट्टे आणि लोखंडाच्या पट्ट्या, नवा कोरा. आणि पेटी. पेटीचं झाकण उघडं होतं, आत हातमशीनचं हँडल दिसत होतं. खोटं कशाला सांगू, ते हँडल पाहून माझा हात आपोआप पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

नमस्कार केला, पण वाकून नाही. मी आधीच वाकलेला, आणखी कुठे वाकू? आणि म्हणालो, "घरी जेवल्याबिगर मी हात लावनार नाई."

मांडवात सगळ्यांना कळलं. नानांना तर बरोबर कळलं, त्यांचा चेहराच सांगत होता. पण पुण्याची मुलगी गोंधळली. तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हणालो, आणि तिनं बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. हेलनबाईंचे डोळे एकदम पाणावले. त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली, आत चाचपलं, आणि एक बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला.

कोण जेवायचं ते मी बोललोच नव्हतो. आमच्याकडे ते बोलावं लागत नाही. मुलीनं अर्थ लावला, पोरगा उपाशी आहे, घरी जाऊन जेवल्याशिवाय त्याच्या अंगात पेटी उचलायची ताकद नाही.

मांडव हसला. खुर्च्या जास्त हसल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "खाय रे लंगड्या, फारिनचा माल हाये!" नाना दातओठ खात म्हणाले, "घे आणि उतर खाली." मला आठवतं ते एवढंच की पुड्यावर गोऱ्या पोराचं चित्र होतं, आणि ते पोर हसत होतं.

मी पुडा बाईंच्या हातात परत ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. मग छातीवर हात ठेवून मान हलवली, मी नाही. त्यांच्याकडे बोट केलं, तुम्ही. तोंडाकडे घास नेला. आणि आमच्या गल्लीकडे हात लांब करून दाखवला, तिकडे. सदऱ्यावरचा कागद काढून टेबलावर ठेवला. टाचणी नीट खोवून ठेवली, कोणाला टोचू नये म्हणून. आणि त्या मुलीला म्हणालो, "ताई, मी भुकेला नाई. बाईले आमच्या घरी जेवायचं आवतन हाये. त्या जेवल्या त मी घेईन. नाई जेवल्या त त्यायची पेटी त्यायच्यापाशी."

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. ती भराभरा बोलली. हेलनबाईंनी एकदा पुड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हातानं स्वतःचं तोंड झाकलं. नाना मध्ये पडले, शिरपूर, उशीर, तिखट, पोट, असं बरंच काही मराठीत आणि इंग्रजीत. तेवढ्यात सतरंजीवरून कौतिकबाई उठून उभी राहिली, एका हातानं पदर सावरत. "आन् मंग माह्या घरी काऊन नाई?" ती म्हणाली. "माही कढई का फुकटात आली हाये? चहा त घ्याच लागंन!"

मग काय. हेलनबाई स्टेजवरून उतरून चालायला लागल्या, मागे पुण्याची मुलगी, मागे पेटी आणि कॅलिपर उचलून दोन पोरं, मागे अर्धं गाव, आणि सगळ्यांत मागे नाना. बाई माझ्या चालीनं चालल्या. मी थांबलो की थांबायच्या. मला हात द्यायला आल्या नाहीत, हे मी तेव्हाच ध्यानात ठेवलं.

माय दारात उभी होती. एवढी माणसं पाहून ती घाबरली आणि आत जाऊन आणखी भाकऱ्या थापायला बसली. केळीची पानं मांडली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर तेल. बाई जमिनीवर बसल्या. त्यांना मांडी येईना, पाय एका बाजूला काढून बसल्या, आणि आबानं त्यांच्या पाठीला पोतं लावून दिलं. पहिल्या घासाला त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माय म्हणाली, "अवो बाई, राहू द्या, दही देते." दही घेतलं, पण भरीत सोडलं नाही. बिस्किटाचा पुडा त्यांनी मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, म्हणजे मुलगी म्हणाली, "हा माझ्याकडून. मीही रिकाम्या हातानं आलेली नाही." मायनं तो फोडून सगळ्यांना एकेक वाटला. आबालाही. आबा बिस्किट खाताना मी पहिल्यांदा पाहिला.

जेवता जेवता त्या त्यांच्याकडच्या केकच्या गोष्टी सांगत होत्या, त्यांच्या शेजारणी, चर्चचा हॉल, पावसात उभं राहून विकणं. आबानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलला, "मंग त ही बाजारात बसनारी बाई हाये. आपल्यातलीच."

नानांनीही पान घेतलं होतं. आधी नको नको म्हणाले, मग दोनदा भरीत मागून घेतलं. खोटं बोलणार नाही, खाणारा माणूस चांगला होता.

मग मी पेटीला हात लावला. बाईंनी दिली आणि मी घेतली, आमच्या ओट्यावर, बसल्या बसल्या, समोरासमोर. फोटोवाल्याचा रोल मांडवातच संपला होता. आबानं केळीचा एक घड बाईंच्या जीपमध्ये ठेवला. कौतिकबाईचा चहा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शिरपूरचा कार्यक्रम कधीच हुकला होता.

बाई जीपमध्ये बसल्यावर नाना माझ्याकडे वळले. इतका वेळ सांभाळलेली शुद्ध भाषा सुटली आणि अहिराणी बाहेर आली. "बठ्ठा कार्यक्रमनी वाट लाई दिन्ही रे तू!" मग पुन्हा सावरून, सेक्रेटरीच्या आवाजात, "संस्थेत शिकायचं तर शिस्त लागते. तुझी जागा सध्या मागे ठेवतो. बोलावणं धाडू तेव्हा ये."

जीप गेली. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पेटीचा काही उपयोग नव्हता. हातमशीन होतं, हत्यारं होती, शिकवणारा देवपुरात. 'बोलावणं धाडू' हे त्या 'बघू'चंच भावंड, हे आता मला कळलं होतं. माय भांडी घासत म्हणाली, "कशाले बोलला रे बापा? गप घेतली असती त आज धुळ्याचं पक्कं असतं."

आबा विडी पेटवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मला चूक म्हणाला असता तर मी ऐकलं असतं, त्याचंच ऐकायचो मी. त्यानं विडी पेटवली, एक झुरका घेतला. "बोलावनं कशाले पाहिजे?" म्हणाला. "त्या नानानं आपल्या घरी दोनदा मांगून खाल्लं. आता त्याच्या दारी जायले आपल्याले कोनाची चिठ्ठी लागत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस उजाडायच्या आत, मी कॅलिपर चढवला. पट्टे कसे बांधायचे ते कोणी नीट दाखवलं नव्हतं, मांडीला चावत होते. आबानं गाडी जुंपून मला सावद्याच्या स्टँडवर सोडलं आणि फलाटावर न थांबता गाडी वळवून निघाला, बागेला पाणी द्यायचं होतं. जळगावची एसटी लागली, तिथून पुढे धुळ्याची धरायची. कंडक्टर दारात उभा होता. माझा पाय, कॅलिपर, पेटी, सगळं त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरोबर कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोनी नाई."

तो पायरी उतरून खाली आला आणि माझ्या काखेत हात घालायला लागला. "थांब भाऊ, उचलून ठेवतो."

मी दांडी पकडली होती. "पेटी उचला," म्हणालो. "मी चढतो."